गुन्ह्याचा आरोप, समाजाची सुरक्षितता आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात शिकायला, नोकरीला किंवा जोडीदाराबरोबर राहायला आलेल्या माणसावर पोलिसांनी गुन्ह्याचा आरोप ठेवला, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष जामीन, वकील आणि कोर्टाची पुढची तारीख यांकडे लागते. व्हिसाची आठवण बहुधा गृहविभागाचे (व्हिसाचे निर्णय घेणाऱ्या ऑस्ट्रेलियन सरकारी खात्याचे) पत्र हातात पडल्यावर होते, आणि तोवर उत्तराची मुदत सरत आलेली असते. पुढील माहिती विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांचे भारतातील कुटुंबीय यांच्यासाठी लिहिली आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

दोष सिद्ध झालेला नसताना, केवळ आरोपावरून व्हिसा रद्द होऊ शकतो का?

होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन ॲक्ट 1958 मधील कलम 116 च्या पोटकलम (1)(ई) नुसार, व्हिसाधारकाच्या देशातील उपस्थितीमुळे समाजाचे किंवा समाजातील एखाद्या घटकाचे आरोग्य, सुरक्षितता वा सुव्यवस्था धोक्यात येते किंवा येऊ शकते, अथवा एखाद्या व्यक्तीचे आरोग्य वा सुरक्षितता धोक्यात येऊ शकते, असे मंत्र्यांचे किंवा त्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान झाल्यास व्हिसा रद्द करता येतो. या वाक्यात दोषसिद्धीचा उल्लेखच नाही. 2014 च्या दुरुस्तीने हे पोटकलम आणखी रुंद केले: पूर्वी धोका ‘आहे’ असे दिसावे लागे, आता तो ‘असू शकतो’ एवढे पुरते, आणि संपूर्ण समाजाऐवजी एका व्यक्तीला असलेला धोकाही त्यात बसतो.

फौजदारी न्यायालय आणि गृहविभाग वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधत असतात, ही गोष्ट कुटुंबाने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. न्यायालय विचारते की या माणसाने हे कृत्य केले हे निःसंशय सिद्ध झाले आहे का. गृहविभाग विचारतो की हा माणूस येथे राहिला तर पुढे धोका संभवतो का. पहिल्या प्रश्नात आरोपी निर्दोष मानला जातो आणि सिद्ध करण्याचे ओझे सरकारी पक्षावर असते. दुसऱ्या प्रश्नात तेवढे भक्कम संरक्षण नाही. तथापि आरोप ठेवला गेला म्हणून व्हिसा आपोआप जात नाही. कायदा ‘रद्द करता येतो’ असे म्हणतो, ‘रद्द केलाच पाहिजे’ असे म्हणत नाही, आणि या दोहोंमधील जागेतच व्हिसाधारकाला आपली बाजू मांडता येते.

न्यायाधीशांनी जामीन दिला आहे. मग व्हिसालाही धोका नाही, असे समजावे का?

असे समजणे फार महागात पडू शकते. याचे सर्वात ठळक उदाहरण एका भारतीय डॉक्टरांचेच आहे. गोल्ड कोस्ट येथील रुग्णालयात काम करणारे बंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ यांना 2 जुलै 2007 रोजी ब्रिस्बेन विमानतळावर अटक झाली. बारा दिवसांच्या कोठडीनंतर, दहशतवादी संघटनेला बेपर्वाईने मदत केल्याचा आरोप 14 जुलैला त्यांच्यावर ठेवण्यात आला. आधाराला होते ते नातलगाकडे राहिलेले एक सिमकार्ड. 16 जुलैला मॅजिस्ट्रेटने जामीन मंजूर केला आणि काही तासांतच तत्कालीन इमिग्रेशन मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी चारित्र्य कसोटीच्या कलम 501 खाली, संशयित व्यक्तींशी असलेल्या संबंधाच्या कारणावरून, त्यांचा नोकरीचा व्हिसा रद्द केला.

27 जुलैला आरोप मागे घेतला गेला. 21 ऑगस्टला फेडरल कोर्टाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय रद्दबातल ठरवला आणि 21 डिसेंबर 2007 रोजी पूर्णपीठाने मंत्र्यांचे अपील फेटाळले. केवळ नाते किंवा ओळख म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेला ‘संबंध’ नव्हे, तर त्या गुन्हेगारी कृत्याबद्दल सहानुभूती, त्याला पाठिंबा किंवा त्यात सहभाग असावा लागतो, हे त्या निकालाचे सार आहे. पुढे सरकारने नेमलेल्या क्लार्क चौकशीत डॉ. हनीफ निर्दोष असल्याचे स्पष्ट झाले आणि 2010 मध्ये त्यांना नुकसानभरपाई देण्यात आली. न्याय मिळाला, पण तो मिळेपर्यंत ते भारतात परतले होते. जामिनाचा आदेश फक्त फौजदारी कोठडीपुरता असतो. व्हिसाच्या निर्णयाला तो बांधून ठेवत नाही. मात्र मॅजिस्ट्रेटने कोणत्या कारणांनी आणि कोणत्या अटींवर जामीन दिला, हे धोका कमी असल्याचा पुरावा म्हणून गृहविभागापुढे जरूर मांडता येते.

‘धोका असू शकतो’ ही कसोटी किती खालची आहे?

बरीच खालची आहे. कोविडची लस न घेतलेले टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांच्यावर कोणताही गुन्हा नव्हता, तरी जानेवारी 2022 मध्ये त्यांचा व्हिसा याच पोटकलमाच्या आधारे दोनदा रद्द झाला. पहिल्या वेळी त्यांना उत्तर देण्यासाठी सकाळी 8.30 पर्यंत वेळ दिला होता आणि निर्णय मात्र 7.42 वाजता घेतला गेला. प्रक्रिया वाजवी नव्हती हे सरकारलाच मान्य करावे लागले आणि 10 जानेवारीला न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चार दिवसांनी मंत्री ॲलेक्स हॉक यांनी कलम 133 सी खालील वैयक्तिक अधिकार वापरून व्हिसा पुन्हा रद्द केला. जोकोविच स्वतः कोणाला संसर्ग देतील ही शक्यता नगण्य असल्याचे मंत्र्यांनी गृहीत धरले होते; त्यांच्या उपस्थितीमुळे लसविरोधी भावनेला बळ मिळू शकते, हे त्यांचे कारण होते. 16 जानेवारीला फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा निर्णय एकमताने कायम ठेवला.

या प्रकरणातून सामान्य व्हिसाधारकाने दोन गोष्टी घ्याव्यात. प्रक्रियेतील चूक निर्णय पाडू शकते, म्हणून पत्रातील प्रत्येक तारीख आणि वेळ जपून ठेवावी. आणि न्यायालय ‘हा निर्णय योग्य आहे का’ हे पाहत नाही, ‘तो कायद्याच्या चौकटीत घेतला आहे का’ एवढेच पाहते, म्हणून आपली खरी बाजू मांडण्याची जागा न्यायालयाच्या बरीच अलीकडे आहे.

हा नियम कोणत्या व्हिसांना लागू होतो? पीआर (कायमस्वरूपी व्हिसा) असलेल्यांचे काय?

विद्यार्थी, पदवीनंतरचा तात्पुरता, कंपनीने प्रायोजित केलेला, पर्यटक असे सर्व तात्पुरते व्हिसा कलम 116 च्या कक्षेत येतात. कायमस्वरूपी व्हिसा असलेली व्यक्ती रीतसर इमिग्रेशन तपासणी होऊन देशात आलेली आणि सध्या देशातच असेल, तर कलम 117 मुळे तिचा व्हिसा 116 खाली रद्द करता येत नाही. पीआरधारकांना मात्र कलम 501 पूर्णपणे लागू आहे. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकाला व्हिसाच नसल्याने हा प्रश्न येत नाही. परंतु नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असताना गुन्ह्याची कार्यवाही सुरू झाली, तर ती संपेपर्यंत तो अर्ज मंजूर करण्यास कायद्याने मनाई आहे.

सर्वात नाजूक स्थिती ब्रिजिंग ई व्हिसावर (मूळ व्हिसा संपल्यावर पुढील निर्णय होईपर्यंत किंवा देश सोडेपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेल्यांची असते. त्यांच्याबाबतीत मायग्रेशन रेग्युलेशन्समधील नियम 2.43 नुसार आरोप ठेवला जाणे हेच रद्द करण्याचे स्वतंत्र कारण आहे. धोका दाखवण्याचीही तेथे आवश्यकता नाही.

नोटीस कशी येते आणि उत्तराला किती वेळ मिळतो?

कलम 116 खाली रद्द करण्यापूर्वी साधारणपणे ‘रद्द करण्याचा विचार करत असल्याची’ नोटीस दिली जाते. आपल्याकडील सरकारी कार्यालयांतल्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीसारखीच ती असते. त्यात कारण, त्यामागील माहिती आणि म्हणणे मांडण्याचे निमंत्रण असते. ऑस्ट्रेलियात असलेल्या व्यक्तीला लेखी उत्तरासाठी अनेकदा पाचच कामकाजाचे दिवस मिळतात. नेमकी मुदत नोटिशीत छापलेली असते आणि तीच ग्राह्य धरावी.

येथे एक बाब फार काळजीने लक्षात घ्यावी. ईमेलने पाठवलेली नोटीस, ती उघडली असो वा नसो, पाठवली त्या दिवसाच्या अखेरीस मिळाली असे कायदा मानतो. शिवाय व्हिसाचा अर्ज भरताना एखाद्या एजंटला पत्रव्यवहारासाठी नेमले असेल आणि ती नेमणूक मागे घेतली नसेल, तर नोटीस त्या एजंटच्या पत्त्यावर जाते आणि ती तुम्हालाच मिळाली असे धरले जाते. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या ज्या एजंटने काही वर्षांपूर्वी विद्यार्थी व्हिसाचे काम करून दिले, त्याच्या न वाचलेल्या मेलमध्ये अशी नोटीस पडून राहणे सहज शक्य आहे. म्हणून आरोप ठेवला गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच इमी-अकाउंट (गृहविभागाकडील आपले ऑनलाइन खाते) उघडून आपला पत्ता, ईमेल आणि पत्रव्यवहाराचा प्रतिनिधी तपासावा व बदल लेखी कळवावा. तुरुंगात असलेल्या व्यक्तीसाठी हे काम कुटुंबीयांनी वकिलामार्फत करून घ्यावे. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी, कारणासह, लेखी वाढ मागावी. वाढ मिळेलच असे गृहीत धरू नये.

उत्तरात काय लिहावे? घडलेली सगळी हकीकत सांगून टाकावी का?

हा सर्वात अवघड प्रश्न आहे, कारण येथे दोन हितसंबंध एकमेकांना छेद देतात. फौजदारी खटल्यात आरोपीला गप्प राहण्याचा अधिकार आहे. व्हिसाच्या नोटिशीला उत्तर दिले नाही तर उपलब्ध कागदांवरून, म्हणजे बहुधा पोलिसांनी मांडलेल्या हकिकतीवरून, निर्णय होतो. दुसरीकडे, घाईने लिहिलेली सविस्तर कबुली किंवा अर्धवट स्पष्टीकरण पुढे खटल्यात वापरले जाण्याची शक्यता असते. म्हणून व्हिसाचे उत्तर फौजदारी वकिलाने वाचल्याशिवाय पाठवू नये, आणि फौजदारी वकिलाने गुन्हा कबूल करण्याचा सल्ला दिला तर त्याचा व्हिसावर काय परिणाम होईल हे मायग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नये. दोन्ही वकिलांची एकमेकांशी गाठ घालून देणे ही कुटुंबाने करण्याजोगी सर्वात मोलाची गोष्ट आहे.

घटनेच्या खरेखोटेपणात न शिरताही सांगण्यासारखे बरेच असते. आपण आरोप नाकारत आहोत आणि खटला प्रलंबित आहे, हे स्पष्ट लिहावे. त्यानंतर धोक्याच्या मुद्द्याला थेट भिडावे: जामिनाच्या अटी कोणत्या आहेत व त्या कशा पाळल्या जात आहेत, तक्रारदाराशी संपर्क उरला आहे का, राहण्याची जागा बदलली आहे का, पूर्वीची नोंद स्वच्छ आहे का, दारूचे व्यसन किंवा मानसिक आजार असल्यास उपचार सुरू आहेत का. मग विवेकाधिकाराचे मुद्दे येतात: देशात येण्याचा हेतू, व्हिसाच्या अटींचे आजवर केलेले पालन, शिक्षण अर्धवट राहिल्यास होणारे नुकसान, भारतात घेतलेले शैक्षणिक कर्ज, येथे असलेल्या लहान मुलांचे हित, आणि देश सोडावा लागला तर आपल्यावरील खटला लढता येणार नाही ही वस्तुस्थिती. प्रत्येक विधानाला कागद जोडावा. मराठी मंडळातील परिचितांनी ‘मुलगा सुसंस्कृत घरातला आहे’ असे लिहिलेली पत्रे मनापासून दिलेली असतात, पण पत्र लिहिणाऱ्याला आरोपाची माहिती आहे असे त्या पत्रात नमूद नसेल तर त्याला फारसे वजन मिळत नाही.

दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या गुन्ह्यामुळेही व्हिसा जाऊ शकतो का?

कायद्याने शक्य आहे. बहुतेक तात्पुरत्या व्हिसाधारकांना कोणत्याही ऑस्ट्रेलियन कायद्याखाली दोषी ठरवले गेले, तर शिक्षा कितीही छोटी असली तरी नियम 2.43 खाली रद्द करण्याचे कारण उभे राहते. निर्णय विवेकाधीन असल्याने पहिल्या आणि सौम्य गुन्ह्यात व्हिसा टिकवण्यासाठी सांगण्यासारखे पुष्कळ असते, तरी ‘नुसता दंड झाला’ म्हणून नोटीस बाजूला टाकू नये.

प्रकरण घरगुती हिंसाचाराचे आहे. पतीचा व्हिसा रद्द झाला तर पत्नीचे आणि मुलांचे काय?

कुटुंबातील एका सदस्याचा व्हिसा 116 खाली रद्द झाला, तर केवळ त्याचे कुटुंबीय म्हणून मिळालेले इतरांचे व्हिसा कलम 140 नुसार आपोआप रद्द होतात. त्यामुळे पतीच्या विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेली पत्नी, तक्रार केली तर आपल्यालाही मुलांसह परत जावे लागेल, या भीतीने गप्प राहते. ही भीती निराधार नाही, पण तिच्यापायी मार सहन करत राहणे हा उपाय मुळीच नाही. जिवाला धोका असेल तर आधी पोलीस, मग व्हिसा. त्यानंतर लगेच स्वतंत्र वकिलाकडे जावे. पतीचा वकील तिचा वकील होऊ शकत नाही. जोडीदार व्हिसाच्या प्रक्रियेत असलेल्या पीडित व्यक्तीला, नाते संपले तरी कायम वास्तव्य मिळू शकेल अशी कौटुंबिक हिंसाचाराविषयीची तरतूद कायद्यात आहे. इतर व्हिसांवर असलेल्यांनी स्वतःच्या नावावर कोणता अर्ज करता येईल हे शक्य तितक्या लवकर पाहावे.

आरोपीच्या बाजूनेही एक गोष्ट महत्त्वाची आहे. न्यू साउथ वेल्समध्ये एव्हीओ आणि व्हिक्टोरियात इंटरव्हेन्शन ऑर्डर म्हणून ओळखला जाणारा संरक्षण आदेश हा दिवाणी स्वरूपाचा असतो, पण तो मोडणे हा फौजदारी गुन्हा आहे. भारतातून सासूबाईंनी किंवा मामांनी मध्यस्थी म्हणून केलेला फोनसुद्धा, आरोपीच्या सांगण्यावरून केला असल्यास, आदेशाचा भंग ठरू शकतो. व्हिसाचा निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने असा भंग म्हणजे धोक्याचा ताजा पुरावा होय.

व्हिसा रद्द झाल्यावर लगेच काय होते?

व्हिसा नसलेली परदेशी व्यक्ती बेकायदा वास्तव्य करणारी ठरते. कलम 189 नुसार तिला इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये (स्थानबद्धतेत) घ्यावे लागते आणि कलम 198 नुसार देशाबाहेर पाठवण्याची प्रक्रिया सुरू होते. काम करण्याचा अधिकार त्याच क्षणी संपतो. कलम 48 मुळे देशात राहून नवा व्हिसा मागण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात. पुढे तात्पुरता व्हिसा मिळण्यावर तीन वर्षांचा प्रतिबंध येऊ शकतो. जोकोविच यांच्यावरही तो आला होता आणि नोव्हेंबर 2022 मध्ये उठवला गेला. प्रलंबित खटल्यासाठी आरोपीची देशात गरज असेल, तर तपास यंत्रणांच्या मागणीवरून ‘क्रिमिनल जस्टिस स्टे’ प्रमाणपत्र काढता येते. त्याने रवानगी थांबते. सुटका मात्र त्याने होत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो.

निर्णयाविरुद्ध कोठे आणि किती दिवसांत दाद मागावी?

अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो. 14 ऑक्टोबर 2024 रोजी या न्यायाधिकरणाने जुन्या अपील्स ट्रायब्युनलची जागा घेतली. कलम 116 च्या प्रकरणात मुदत साधारणपणे 28 दिवसांची असते. निर्णय कळला त्या दिवशी व्यक्ती इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये असेल तर ती सात दिवसांची होते. ही मुदत वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. न्यायाधिकरण प्रकरण नव्याने तपासते आणि नवा पुरावा घेऊ शकते. मंत्र्यांनी स्वतः घेतलेल्या निर्णयाविरुद्ध तेथे जाता येत नाही. मग केवळ न्यायालयाचा मार्ग उरतो. न्यायालयात जाण्याची मुदत 35 दिवसांची आहे.

मी निर्दोष सुटलो, किंवा आरोप मागे घेतला गेला, तर व्हिसा आपोआप परत मिळतो का?

नाही. नोटीस आली असून निर्णय व्हायचा असेल, तर निकालाची प्रत त्याच दिवशी गृहविभागाला पाठवावी. न्यायाधिकरणात प्रकरण सुरू असेल तर तेथेही ती निर्णायक ठरू शकते, आणि खटला जवळ आला असल्यास सुनावणी त्यानंतर ठेवण्याची विनंती करणे शहाणपणाचे असते. परंतु दाद मागण्याची मुदत उलटून गेल्यावर आलेली निर्दोष मुक्तता व्हिसा जिवंत करत नाही. केवळ याच कारणासाठी, खटल्याचा निकाल काय लागेल याची वाट न पाहता, मुदतीत अर्ज करून ठेवावा.

बारा महिन्यांच्या शिक्षेचा उल्लेख वारंवार होतो. तो काय आहे?

तो कलम 501 मधील चारित्र्य कसोटीशी निगडित आहे. बारा महिने किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली, की व्यक्ती या कसोटीत नापास होते. वेगवेगळ्या शिक्षांची बेरीज बारा महिन्यांवर गेली तरी तेच. आणि बारा महिन्यांची वा त्याहून मोठी एकच शिक्षा झालेली व्यक्ती पूर्णवेळ तुरुंगात शिक्षा भोगत असेल, तर व्हिसा रद्द करणे सक्तीचे आहे, मग पीआर घेऊन तीस वर्षे झालेली का असेनात. त्यानंतर निर्णय मागे घेण्याची विनंती करायला 28 दिवस मिळतात, आणि ती नाकारल्यास न्यायाधिकरणात जायला केवळ नऊ. 21 जून 2024 पासून लागू झालेल्या मंत्र्यांच्या निर्देश क्रमांक 110 मध्ये समाजाच्या संरक्षणाला सर्वसाधारणपणे इतर मुद्द्यांपेक्षा अधिक वजन द्यावे असे सांगितले आहे. कौटुंबिक हिंसाचार, ऑस्ट्रेलियाशी असलेले नाते, मुलांचे हित आणि समाजाच्या अपेक्षा हेही त्यातील प्रमुख मुद्दे आहेत. शिक्षेचा विचार सुरू असताना अकरा महिने आणि बारा महिने यांतील फरक आपल्या अशिलासाठी किती मोठा आहे, हे फौजदारी वकिलाला ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे आहे.

खटला सुरू असताना लग्नकार्यासाठी भारतात जाऊन यावे का?

जामिनाच्या अटी परवानगी देत असल्या तरी वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये. देशाबाहेर असलेल्या व्यक्तीचा तात्पुरता व्हिसा आधी नोटीस न देता रद्द करून नंतर कळवण्याची तरतूद कलम 128 मध्ये आहे. परत येता न आल्यास खटल्यात गैरहजर राहिल्याचा नवा पेच उभा राहतो.

पुढील व्हिसा अर्जात आरोपाचा उल्लेख टाळता येईल का?

टाळू नये. अर्जांमध्ये केवळ दोषसिद्धीविषयी विचारलेले नसते. प्रलंबित आरोप, कौटुंबिक हिंसाचाराचे आदेश आणि नोंदीतून काढून टाकलेल्या दोषसिद्धीही विचारलेल्या असतात. किरकोळ आरोप सांगूनही व्हिसा मिळण्याची शक्यता असते; तोच लपवला तर चुकीची माहिती दिल्याचे स्वतंत्र कारण तयार होते आणि त्यापुढे मूळ आरोप क्षुल्लक असल्याचा बचाव चालत नाही.

भारतातील आईवडिलांनी काय करावे?

पैसे पाठवण्याआधी सल्लागाराची खातरजमा करावी. ऑस्ट्रेलियात मायग्रेशनचा सल्ला देणारी व्यक्ती नोंदणीकृत एजंट किंवा वकील असावी लागते, आणि एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. ‘आतून ओळख आहे, काम करून देतो’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. अटकेत किंवा डिटेन्शनमध्ये असलेल्या भारतीय नागरिकाला 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा अधिकार आहे. कॅनबेरातील उच्चायुक्तालय किंवा सिडनी, मेलबर्न, पर्थ व ब्रिस्बेन येथील वाणिज्य दूतावास व्हिसाचा निर्णय फिरवू शकत नाहीत, पण भेट घेणे, वकिलांची माहिती देणे आणि पासपोर्टची अडचण सोडवणे ही कामे करू शकतात. इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर 131 450 या क्रमांकावर ऑस्ट्रेलियातून दुभाषा मागता येतो. शाळेचे दाखले, कर्जाची कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि पोलीस क्लिअरन्स यांच्या स्वच्छ प्रती, मराठी कागद असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह, नोटीस येण्याची वाट न पाहता वकिलाकडे पोहोचत्या कराव्यात.